पाचवा बिल्ला

२७ मार्च १९८६, गुरुवार

शिमग्याची सुट्टी संपवून ऑफिसला गेले तर दारातच मधुने बातमी दिली. मधु म्हणजे आमची डेटा एंट्रीवाली, कारखान्यातली कुठलीही गोष्ट तिला मॅनेजरच्या आधी कळते. मंगळवारी, होळीच्या दिवशी, दुसऱ्या पाळीत तीन नंबरच्या टाकीतला लाल रंग नासला. रंग खाली बसावा म्हणून शेवटी मीठ टाकतात. ते अठ्ठेचाळीस किलो टाकायचं, तर एकशे अठ्ठेचाळीस टाकलं. सगळ्या टाकीचा चिखल झाला.

आणि सस्पेंड कोण, तर गोमाजी काका! त्या टाकीचे मुख्य कामगार. कोलशेतच्या कोळीवाड्यातले, बावीस वर्षं नोकरी, बाबांचे जिवलग. मी बारा वर्षांची असताना मला जिवंत खेकडा आणून दिलेला त्यांनी, खेळायला.

सगळे म्हणतात, "शिमग्याला कोळी माणूस, घेतली असणार." मला असा संताप आला! काका एवढंच म्हणतात की कार्डावर, म्हणजे आमचं कॉम्प्युटर दर टाकीसाठी वजनं छापून देतं त्यावर, एकशे अठ्ठेचाळीस होतं. आता ते कार्ड रंगाच्या पाण्यात भिजून विरघळलं. आमच्या कॉम्प्युटर खात्याच्या श्रीपाद साहेबांनी मशीनवरून त्या रेसिपीचं कार्ड परत काढलं, त्यावर चक्क अठ्ठेचाळीस. झालं, मिटलं. दहा तारखेला चौकशी, आणि मधु म्हणते काढूनच टाकणार.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते त्याच खात्यात, पण या आठवड्यात त्यांची पहिली पाळी आहे. मंगळवारी डबल ड्यूटी करून आलेले, पाय घोट्यापर्यंत लाल, जेवले नव्हते. तेव्हापासून गप्पच आहेत, थकवा असेल. आज माझं सगळं ऐकून घेतलं आणि स्टोव्हची पिन शोधत बसले. मी म्हटलं, "बाबा, तुमचा दोस्त आहे तो! काहीतरी बोला की."

म्हणाले, "जेवून घे."

३१ मार्च, सोमवार

हिंमत करून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कार्ड छापणारा प्रोग्राम साहेबांनी स्वतः लिहिलेला, असेंब्लरमध्ये, म्हणजे जवळजवळ मशीनच्याच भाषेत, गेल्या दिवाळीपासून चालू आहे. मी ट्रेनी. त्यांच्या प्रोग्रामवर शंका घ्यायची म्हणजे गुरुजींच्या फळ्यावरचं पुसण्यासारखं.

"सर, प्रोग्रामनंच चुकीचं वजन छापलं असेल तर?"

त्यांनी चष्मा काढला. "शक्यता नाकारता येत नाही. परंतु नुसती शक्यता चौकशीत चालत नाही, सरोज. नऊ तारखेपर्यंत मला दाखव, मी स्वतः येऊन सांगेन."

रागावले नाहीत. मशीन कसं मिळणार, तर रोज जेवणाच्या सुट्टीत एक ते दीड. अर्धा तास, म्हणजे दिवसाला एकच खेप. माझ्या डब्याची एकादशी.

येताना नोटीस बोर्डावरचं त्यांचं दिवाळीचं परिपत्रक पुन्हा वाचलं. "वजने कार्डाप्रमाणेच टाकावीत. स्वतःच्या अंदाजाने फेरफार करू नये." पूर्वी जुनी माणसं डोळ्यांनी बघून मीठ कमी-जास्त करायची, त्यासाठी तिघांना मेमो मिळालेले. नंतर कुणी अक्कल चालवली नाही.

२ एप्रिल, बुधवार

सापळा तयार! इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझं मलाच कळेल.

प्रोग्राम एका खेपेत सगळ्या टाक्यांची कार्डं काढतो, हजारो पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला थांबवून बघायचं म्हटलं तर मी निवृत्त होईन. म्हणून अट घालायची. जागोजागी तीन ओळी घुसवल्या. मिठाचं वजन रेसिपीतल्या वजनाशी ताडून बघ. सारखं असेल तर गुपचूप पुढे जा. वेगळं असेल तर मशीनला न समजणारी आज्ञा दे, म्हणजे ते तिथंच कोसळेल आणि त्या क्षणी पोटात काय काय होतं ते सगळं कागदावर ओकेल. त्या कागदांना डंप म्हणतात. चोराला हात लावायचा नाही, त्याने हात घातला की दार लावायचं.

शिवाय किती वेळा ताडून पाहिलं ते मोजायला एक मोजणी ठेवली. तिला जागा हवी होती, ती टाकीवरच्या कामगारांच्या यादीखाली रिकामी दिसली, तिथं बसवली. मधुच्या फायलीत मंगळवारचा डेटा जसाच्या तसा आहे. उद्या तोच चालवायचा.

झोप येईलसं वाटत नाही. आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मशीनला उंदराचा पिंजरा लावलास म्हणजे. खोबरं ठेवलंस का?"

३ एप्रिल, गुरुवार

काही सापडलं नाही.

प्रोग्राम पहिल्या टाकीपासून शेवटच्या टाकीपर्यंत चालला, कुठेही थांबला नाही. तीन नंबरचं कार्ड निघालं, मीठ अठ्ठेचाळीस. माझी मोजणी तेवढी बिघडलेली. आकड्याऐवजी एफ-दोन, एफ-शून्य, एफ-सहा, एफ-एक असला काहीतरी कचरा. मीच सुरुवातीला शून्य करायला विसरले असेन.

म्हणजे प्रोग्राम निर्दोष. म्हणजे काका खोटं बोलतात. माझ्याशी नाही, सगळ्यांशी! आणि मी साहेबांपुढे मोठ्या तोंडाने गेलेले.

घरी आले ती धुसफुसतच. बाबांना म्हटलं, "तुमच्या गोमाजीने घेतलीच असणार, मशीन खोटं बोलत नाही."

बाबा ताटावरून उठले. "गोमाजी खोटं बोलत नाही!" एवढ्या मोठ्यांदा, की शेजारच्या सरस्वती मावशी दारात आल्या. मग चप्पल घालून बाहेर निघून गेले. बाबांनी माझ्यावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. मी रडले, लिहायला काय लाज.

आई म्हणाली, "त्यांच्या मनाला लागलंय गं. थोडं दमानं घे."

सगळ्यांनी मनाला लावून घ्यायचं आणि दमानं मीच घ्यायचं!

६ एप्रिल, रविवार

शेवटी कोलशेतला गेले. म्हटलं, समोरासमोर विचारू, काय तो सोक्षमोक्ष.

काका ओट्यावर जाळं शिवत बसलेले. "काय गो सरोज, उन्हाची कशी आलीस?" चंद्रभागा काकूने पाणी दिलं, लगेच बोंबील तळायला घेतले. घरात अजून होळीच्या करंज्यांचा डबा होता. काकू बोलायला लागली की थांबत नाही. "औंदाची होळी लय मोठी झाली. हे तर दिस मावळल्यापासून ढोल घेऊन..."

"तू बोंबील बघ, करपतील," काका एकदम खेकसले.

काकू चुलीकडे वळली. मीही ओशाळले. पाळी अकराला सुटते, त्यानंतर गावात येऊन नाचले असतील, आणि आता दारूचा विषय निघेल म्हणून लाजत असतील. मग मी स्पष्टच विचारलं, कार्डावर आकडा काय होता.

"एकशे अठ्ठेचाळीस."

"तुम्ही स्वतः वाचलात?"

काकांनी जाळ्याची एक गाठ आवळली. "आता मना एवढंच ठाव हाय का कार्डावर तसा व्हता. जास्ती इचारू नको." मग हळूच म्हणाले, "कुंडलिक काय बोलला?"

"बाबा काहीच बोलत नाहीत."

"बरा करतंय. त्याला सांग, असाच गप ऱ्हा. माझी दोनच वर्सा ऱ्हायलीत. त्याची पोर आता कुठं नोकरीला लागलीय."

माझ्या नोकरीचं त्यांना काय पडलंय? साहेबांच्या प्रोग्रामात नाक खुपसते म्हणून घाबरले असतील माझ्यासाठी. स्वतःची नोकरी चाललीय आणि माझी काळजी करतात. अशा माणसाला खोटारडा म्हणाले मी. बसमध्ये सगळा वेळ बोंबलांची पुडी मांडीवर धरून बसलेले, आणि माझं मलाच वाईट वाटत होतं.

७ एप्रिल, सोमवार

मधुचे पाय धरायला हवेत.

जेवणाच्या सुट्टीत मी रडवेली बसलेली. ती लोणच्याची फोड चोखत म्हणाली, "अगं, ते पिंजराबिंजरा न लावता नुसता प्रोग्राम चालवून बघितलास का?"

"साहेबांनी चालवला होता ना."

"साहेबांनी मला फक्त रेसिपीचा नंबर टाकायला सांगितलेला. बाकीचा कागद टाकलाच नव्हता. कामगारांचे बिल्ला नंबर, पाळी, काहीच नाही."

आठ दिवस सापळे शिवते आहे आणि मूळ प्रोग्राम मूळ कागदावर एकदाही चालवला नाही! एवढी शिकलेली गाढवीण मीच.

धावत गेले. सापळा काढला, मंगळवारचा अख्खा डेटा लावला. तीन नंबरचं कार्ड निघालं.

मीठ १४८.

मी आणि मधु तिथेच फुगडी घालायच्या बाकी होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते सगळे, त्यात मीही! पण सापळा नसला की चूक होते आणि सापळा लावला की होत नाही, हे काय गौडबंगाल आहे? साहेबांना नुसती चूक दाखवून भागणार नाही, कारण विचारतीलच.

घरी येऊन ओरडतच सांगितलं, "बाबा, काका सुटणार! कार्डच चुकलेलं!" बाबा आधी हसले. मग विचारलं, "का चुकलं, तेही कळतं का मशीनला?"

म्हटलं, उद्या कळेल.

त्यानंतर त्यांनी चहा घेतला तो थंड करून.

८ एप्रिल, मंगळवार

कळलं.

रात्रभर तो कचरा डोक्यात होता. आमच्या मशीनमध्ये आकडा अक्षर म्हणून ठेवला की प्रत्येकापुढे एफ लागतो. एफ काढले की उरतं २०६१. म्हणजे तो कचरा नव्हता, यादीतला कुणाचा तरी बिल्ला नंबर यादीबाहेर सांडून माझ्या मोजणीवर पडला होता. मोजणी मीच यादी आणि वजन यांच्यामध्ये बसवलेली. ती नसताना मध्ये तीनच आकड्यांची जागा रिकामी, म्हणून त्या नंबरातला शेवटचा एक थेट वजनाच्या पहिल्या शून्यावर पडतो. शून्य चार आठचं एक चार आठ. माझ्या सापळ्याने चोराला स्वतःच्या अंगावर घेतलं आणि वजन वाचवलं.

आज मोजणी काढून टाकली. सापळ्याच्या ओळी प्रोग्रामच्या अगदी शेवटी, मोकळ्या जागेत नेल्या, मधलं काही हलू दिलं नाही. एक वाजून दहा मिनिटांनी मशीन कोसळलं. बरोबर तीन नंबरच्या टाकीची यादी भरताना. यादीत जागा चौघांची, कारण टाकीवर माणसं चारच असतात. मंगळवारच्या कागदावर याच एका टाकीला पाच नंबर होते. साहेबांनी चारच्या पुढे कुणी येईल असं धरलंच नव्हतं.

आणि मग मी पाचवा नंबर नंबर म्हणून वाचला. २०६१. आमच्या दाराजवळच्या खिळ्याला जो पितळी बिल्ला टांगलेला असतो, लहानपणी मी जो चिंचेने घासायची, तो. बाबांचा. रात्रभर एफ काढत बसले आणि डोक्यात शिरलं नाही.

घरी येऊन डंपचा कागद बाबांपुढे ठेवला. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी पेन्सिलने गोल केलेला नंबर त्यांनी ओळखला. आणि सगळं सांगितलं.

होळीला आणि नारळी पौर्णिमेला कोळी माणसांच्या जागी आमची माणसं उभी राहतात, चौदा एप्रिलला, जयंतीला, आमच्या माणसांच्या जागी ते. अठरा वर्षं चाललंय. रजा कुणी देत नाही, म्हणून मस्टरवर ज्याची पाळी त्याची हजेरी लागते, आणि जागेवर खरा कोण आहे ते कळावं म्हणून देवराम मुकादम त्याचा नंबर खाली लिहून ठेवतात. त्या मंगळवारी काका गावात होळीपुढे ढोल वाजवत होते. टाकीवर बाबा होते. कार्ड बाबांनी वाचलं. मीठ बाबांनी टाकलं.

"तुम्हाला कळलं नाही एवढं मीठ जास्त आहे?"

"कळलं ना. बावीस वर्षं रंगात हात घातलेत." बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "पण म्हटलं, सरोजच्या खात्यातून आलंय. आमच्यापेक्षा तिला जास्त कळतं."



दुसऱ्या दिवशी बाबा खरं सांगायला निघालेले, काकांनी गेटवर अडवलं. दोघांची खोटी हजेरी निघाली तर दोघंही जातील, देवरामही जाईल, त्यापेक्षा मी एकटा निस्तरतो, म्हणाले. बाबांना माझ्या, म्हणजे सरोजच्या, नावाने शपथ घातली. तेरा दिवस बाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि मी म्हणत होते, थकवा असेल.

९ एप्रिल, बुधवार

एक लबाडी करून पाहिली. स्वतःच एक खोटा कागद बनवला, पाच नंबरांचा, पाचवा माझ्या मनचा. तो चालवून साहेबांना दाखवला, बघा वजन कसं बदलतं.

त्यांनी शांतपणे पाहिलं. "चूक माझी आहे. चारपुढे मी मोजलंच नाही. हे मी उद्या सांगेन." मग विचारलं, "त्या दिवशीचा डंप कुठे आहे?"

मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागले.

"सरोज, मलाही एफ काढून वाचता येतं. काल तू चहाला गेलीस तेव्हा वाचला. मी आपण होऊन नाव घेणार नाही. पण पाचवा कोण, असं विचारलं तर खोटं सांगणार नाही."

विचारणारच. कोण विचारणार नाही?

बाबांना हे सांगितलं. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि आईकडे इस्त्रीचा शर्ट मागितला.

१० एप्रिल, गुरुवार

चौकशी अकराला होती. बाबा साडेदहालाच दाराशी जाऊन उभे. मी जिन्यावरून बघत होते, आत जायची मला परवानगी नव्हती. काका आले, बाबांना बघून थबकले. "तू हिकडं कशाला?" बाबा त्यांच्या आधी आत शिरले.

आतलं नंतर साहेबांनी सांगितलं. कुणी काही विचारायच्या आतच बाबा म्हणाले, "गोमाजी त्या दिवशी कारखान्यात नव्हता. टाकीवर मी होतो, कार्ड मी वाचलं. जे द्यायचं ते मला द्या." मग साहेबांनी, मी सकाळी नेऊन दिलेला, डंप टेबलावर ठेवला आणि चूक आपल्या प्रोग्रामची, असं सांगितलं. अर्धा तास कुणाला काय शिक्षा करावी तेच कळेना म्हणे.

निकाल असा. काका कामावर, ताकीद देऊन. मुकादमांना लेखी समज. बाबांना खोट्या हजेरीबद्दल महिनाभर बिनपगारी सस्पेंड. नोकरी वाचली! मला वाटलं, आता दोघं मिठी मारतील.

कसलं काय. बाहेर आल्याआल्या काका बाबांवर तुटून पडले. "तुला कोनी सांगितला तोंड उघडायला? मी निस्तरत व्हतो ना!"

"तू दारुडा ठरणार आणि मी घरी बसून जेवणार?"

"माझा मी बघला असता!"

"बघितलं तुझं!"

दोघं दोन दिशांना गेले. वीस वर्षांचे दोस्त. काका जाताना डोळे पुसत होते, रागाने का कशाने कुणास ठाऊक.

१२ एप्रिल, शनिवार

काल हजेरी आणि शिस्त बघणाऱ्या पर्सोनेल खात्याकडून चिठ्ठी आली. प्रोग्राम असा दुरुस्त करावा की टाकीवर पाचवा नंबर दिसताच मशीन थांबेल आणि तो नंबर रोज पर्सोनेलला कळवला जाईल. साहेबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "तू लिही. तुला आता तो प्रोग्राम माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

तीन ओळींचं काम. पाठ आहेत मला. ताडून बघ, जास्त असेल तर कोसळ. गंमत म्हणजे माझाच सापळा, फक्त आता कायमचा आणि माणसांवर. दिवसभर पेन्सिल घेऊन बसले. बाबांच्या नंबराभोवती मी काढलेला गोल डोळ्यांपुढून जाईना.

शेवटी लिहिलं ते वेगळंच. यादीत चौघांची जागा होती, ती आठजणांची केली.

आज साहेबांनी ओळ न् ओळ वाचली. "आठ?"

"हो सर."

"त्यांनी काय मागितलं होतं?"

"मी वजन चुकू नये एवढं केलंय. आठापुढे गेलं तर कार्ड निघणारच नाही, सांडणार काही नाही."

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, गेली माझी नोकरी. मग सही केली. म्हणाले, "कार्डाच्या प्रोग्रामचं काम वजन. हजेरी मस्टरने बघावी. तसं मी कळवतो."

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी आमच्या कोपरी भागात निळे झेंडे लागलेले, गल्लीत रांगोळ्या. आई केव्हाची तयार. बाबा मात्र बनियनवर बसून. "मी नाही येत मिरवणुकीला. सस्पेंड माणूस, काय तोंड दाखवू," म्हणाले. मला कामावर जायचंच होतं, ट्रेनीला कसली रजा.

दोनच्या सुमाराला देवराम मुकादम खिडकीशी आले. इकडेतिकडे बघितलं. "पोरी, खाली पाचवा लिहिला तर तुझं मशीन बोंबलतं का आता?"

"नाही काका. आठपर्यंत बोंबलत नाही."

"मस्टरचं माझ्यावर. एकदा समज मिळालीच आहे." आणि गेले.

अडीचला दुसऱ्या पाळीचे कागद आले. मधु टाइप करता करता थांबली, माझ्याकडे बघून हसली, पुन्हा टाइप करायला लागली. टाकी एक, पाच नंबर. टाकी चार, पाच नंबर. टाकी सहा, पाच नंबर. मी प्रिंटरजवळ उभी राहून एकेक कार्ड हातात घेऊन तपासलं.

सहाला घरी पोचले. लांबून ढोल-ताशे ऐकू येत होते, चाळ रिकामी. बाबा अजून तसेच, बनियनवर, दाराकडे पाठ करून. मी चपला न काढताच सांगितलं, "बाबा, आज तीन टाक्यांवर पाच-पाच नंबर आले."

ते गर्रकन वळले. "वेडे झाले काय! आणि वजनं?"

"सगळी बरोबर."

"पुढच्या गल्लीतला दाजी मिरवणुकीला सुटला का? त्याची दुपारपाळी आहे."

"सुटला. टाकी एकवर त्याच्या जागी पाचवा बिल्ला आहे तो गोमाजी काकांचा. पहिली पाळी करून तसेच थांबलेत. अकरापर्यंत."

बाबा उठून उभे राहिले. मग मोठ्यांदा हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "साला सुधरायचा नाही," म्हणाले, आणि पांढरा शर्ट कुठे ठेवलाय म्हणून आईला हाका मारायला लागले. आई केव्हाच मिरवणुकीत गेली होती. शर्ट मीच काढून दिला.